मेजवानी हाच धंदा

1985 च्या उन्हाळ्यात स्पेनमधल्या मार्बेयात सौदी शस्त्रदलाल अदनान खाशोग्गीची पन्नाशी साजरी झाली आणि मेजवान्या दिवसचे दिवस चालल्या. जन्म मक्केचा, वडील राजे अब्दुल अझीझ यांचे डॉक्टर. पण वाढदिवस परमुलखात. जिद्दा किंवा रियाधमध्ये असला जलसा शक्यच नव्हता.

सौदी उच्चभ्रूंचं वैभव दोनच ठिकाणी दिसायचं, उंच भिंतींच्या आत नाहीतर देशाबाहेर. 1979 मध्ये मक्केच्या मशिदीवर सशस्त्र बंडखोरांनी ताबा मिळवला, त्यानंतर देशातले निर्बंध आणखी आवळले गेले. पुढच्याच वर्षी इटलीत खाशोग्गीची ‘नबीला’ तयार झाली. मुलीचं नाव दिलेली 86 मीटर लांबीची नौका. तिच्यावर हेलिकॉप्टरचा तळ, डिस्को, शस्त्रक्रियेची सोयसुद्धा. 1983 च्या एका बाँडपटात ती झळकली.

गडी उधळ्या होता खरा, पण नुसता उधळ्या नव्हे. तो राजघराण्यातला नव्हता, त्यामुळे जन्मानं मिळालेला मान नाही आणि हातात सत्ताही नाही. त्याच्याकडे होत्या त्या ओळखी. 1970 ते 1975 या काळात लॉकहीड या अमेरिकी विमान कंपनीनं त्याला दलालीपोटी दहा कोटी डॉलरहून जास्त रक्कम दिली. विमानं विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एका टेबलाशी बसवायचं, तर आधी टेबल मांडावं लागतं! लोक ज्याला चैन म्हणत होते, ते त्याचं ऑफिस होतं. बड्या नेत्यांमध्ये ऊठबस असलेले भारतातले तांत्रिक चंद्रास्वामीही त्याच्या गोतावळ्यातले. दोघांचा व्यवसाय तसा फार वेगळा नव्हता.

त्याच घरातल्या बहिणीची गोष्ट मात्र निराळी. समीरा कादंबऱ्या लिहायची, पण त्या ‘अरबी द्वीपकल्पाची लेक समीरा’ अशा टोपणनावानं छापून यायच्या. भाऊ जगभरच्या नियतकालिकांत फोटोंसह गाजत होता, आणि बहीण पुस्तकावर आडनाव घालत नव्हती. राजकुमारी डायनासोबत अपघातात गेलेला डोडी फायेद हा तिचाच मुलगा.

मग तेलाचे भाव घसरले, अमेरिकेनं इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याच्या इराण-काँट्रा प्रकरणात खाशोग्गीचं नाव आलं, पैसा आटला. फिलिपिन्सचे माजी अध्यक्ष मार्कोस यांची मालमत्ता लपवायला मदत केल्याच्या आरोपावरून 1989 मध्ये त्याला स्वित्झर्लंडमध्ये अटक झाली. 1990 मध्ये न्यूयॉर्कच्या खटल्यातून तो मार्कोस यांच्या पत्नी इमेल्डा यांच्यासह निर्दोष सुटला. ‘नबीला’ आधीच ब्रुनेईच्या सुलतानामार्फत डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडे गेली होती. 1991 मध्ये ती राजपुत्र अल्-वलीद बिन तलाल यांनी घेतली.

हे अल्-वलीद जगातल्या बड्या श्रीमंतांपैकी एक, शिवाय राजघराण्यातले. तरीही नोव्हेंबर 2017 मध्ये भ्रष्टाचारविरोधी मोहिमेत त्यांना इतर राजपुत्र-उद्योगपतींसह रियाधच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात डांबण्यात आलं, सुटका जानेवारीत. ज्या हॉटेलात एरवी बड्या पाहुण्यांची बडदास्त राखली जायची, तिथंच ही मंडळी कैदेत होती. श्रीमंती कुणाच्या मर्जीवर टिकते, हे सगळ्या दिवाणखान्यांना त्या आठवड्यांत कळलं.

2018 मध्ये सौदीत सिनेमागृहं उघडली, बायका गाडी चालवू लागल्या, 2019 पासून ‘रियाध सीझन’मध्ये गाणी-नाच उघड्यावर होऊ लागले. झगमगाट मायदेशी परतला, पण आता त्याचा यजमान सरकार आहे. पाहुण्यांची यादीही तिथंच ठरते, आणि खाशोग्गीसारख्या मध्यस्थाला तिथं फारसं काम उरलेलं नाही.