राखीव खेळाडूचा वाटा

रोह्याच्या बाजारपेठेतील एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री टीव्ही मध्यरात्रीपर्यंत चालू होता. चौविहार असल्याने जेवणे सूर्यास्तापूर्वीच आटोपली होती. नवी मुंबईतील महिला विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाला. आजोबांना क्रिकेटची विशेष गोडी नाही. ते बसले होते नातीसाठी. त्या वर्षी शाळेच्या कबड्डी संघातील बारा मुलींत तिची निवड झाली होती. परंतु उपांत्य सामन्यात सात जणी मैदानात उतरल्या तेव्हा ती बाहेर बसली आणि संघ हरेपर्यंत बाहेरच राहिली. शेवटच्या पाच मिनिटांत तरी तिला उतरवायला हवे होते, हे आजोबांचे मत काही केल्या बदलत नव्हते.

बाहेर बसण्याचे दुःख त्या रात्रीच्या भारतीय प्रशिक्षकाइतके क्वचितच कोणास ठाऊक असेल. १९८८ साली हॅरिस शील्डमध्ये तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी रचली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा म्हणजे अमोल मुझुमदार. पुढे रणजी पदार्पणात २६० धावा, प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा. भारताची टोपी मात्र कधीच नाही. अशा माणसाच्या हाती संघ आला, तर तो प्रत्येक राखीव खेळाडूस न्याय देईल असे वाटावे. घडले निराळेच. दिवाळीच्या तोंडावर इंदूरला इंग्लंडविरुद्ध सहावा गोलंदाज हवा म्हणून जेमिमा रॉड्रिग्ज हिला वगळण्यात आले. तो सामना भारताने चार धावांनी गमावला. पुढच्याच सामन्यात ती परतली आणि उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचा पाठलाग करताना नाबाद १२७ धावा करून गेली.

आजोबांना हा पुरावा पुरेसा वाटला. तो पुरेसा नाही. जेमिमा बाहेर बसली म्हणून तिला संधी मिळाली नाही. वर्षानुवर्षे खेळून तिने आपली पत निर्माण केली होती, म्हणून मिळाली. बाद फेरी ही कोणाच्या प्रतीक्षेची भरपाई करण्याची जागा नव्हे. एका चढाईची चूक बाराही जणींचे वर्ष बुडवू शकते.

तथापि दोषाचा दुसरा भाग येथेच आहे. बँकेत नव्या उद्योजकास पूर्वीचा व्यवहार नाही म्हणून कर्ज नाकारले जाते, आणि कर्ज नाही म्हणून त्याचा व्यवहार कधी उभाच राहत नाही. पेढीवरही धाकट्याला गल्ल्याजवळ बसू द्यायचे नाही आणि पुढे त्याला हिशेब कळत नाही म्हणायचे, असे होतेच की. साखळी सामन्यांत आघाडी हातात असताना ज्या प्रशिक्षकाने राखीव मुलीस दहा मिनिटे दिली नाहीत, त्याला उपांत्य फेरीत "तिचा अनुभव नाही" असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही. नातीचा खरा हक्क बुडाला तो तेथे. शेवटच्या पाच मिनिटांत नव्हे. हे आजोबांना पटवणे मात्र कठीण.

त्यातच शेफाली वर्माने त्यांची बाजू बळकट केली. ती मूळ पंधरा जणींत नव्हती, राखीव यादीतही नव्हती. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून तिला बोलावणे आले. अंतिम सामन्यात तिने ८७ धावा केल्या. कर्णधार हरमनप्रीतने सहज मनात आले म्हणून तिच्या हाती चेंडू दिला, तर दोन बळीही घेतले. भारत ५२ धावांनी जिंकला आणि सामनावीर शेफालीच ठरली. आजोबांनी मांडीवर थाप मारली, "बघ, बाहेरचीनेच जिंकून दिले!"

नात पडद्याकडे पाहत होती. तेथे प्रतिका चाकांच्या खुर्चीत बसून जल्लोषात सामील झाली होती. न्यूझीलंडविरुद्ध भाऊबीजेच्या दिवशी १२२ धावा करणारी आणि लाभपंचमीला बांगलादेशाविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना पाय दुखावून बसलेली.

"आजोबा," नात म्हणाली, "शेफाली नसती आली, तर हिच्या जागी कोण बसले असते?"

आजोबांनी चष्मा काढून पुसला. प्रश्न त्यांना नीट कळला नाही. मग कळला, आणि ते काहीच बोलले नाहीत.