बाई बसली आहे कोठें?

गाणें ऐकण्याच्या पेट्या बाजारांत तयार मिळत असतां त्या घरीं जुळविण्याचा नाद शहाण्या माणसाला लागूं नये. पण तो आम्हांला लागला. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावरून साडेसहा इंची दोन वूफर, एक इंची दोन ट्वीटर आणि खर्जाचे स्वर एकाकडे व तारेचे दुसऱ्याकडे धाडणारे दोन क्रॉसओव्हर घेऊन आम्ही घरीं आलों. सुतारानें १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचीं दोन खोकीं करून दिलीं. सोल्डरच्या धुरांत दोन रात्री काढल्यावर पेट्या वाजूं लागल्या. आणि त्या वाजतात ह्या आनंदांत त्या कशा वाजतात हें पाहावयाचें आम्ही विसरलों.

तें पाहिलें आमच्या मातोश्रींनीं. त्यांचें वय ऐंशीच्या पुढचें. त्यांच्यासाठीं म्हणून हिराबाई बडोदेकरांची एक जुनी ध्वनिमुद्रिका लावली होती. दोन मिनिटें ऐकून त्या म्हणाल्या, “अरे, ही बाई बसली आहे कोठें? आणि तो डग्गा वाजवतो आहे कीं पुठ्ठा?”

आम्हीं विद्वत्ता पाजळली. आवाज असा खोलीभर पसरणें हाच तर स्टिरिओचा गुण, असें त्यांना समजावून सांगितलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. मात्र संध्याकाळीं दिवाणखान्यांत येऊन बसण्याचा त्यांचा परिपाठ हळूहळू मोडला. त्यांचे कान गेले, असा निकाल आम्हीं मनाशीं देऊन टाकला, आणि एके दिवशीं त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलें. तपासणीचा आलेख हातीं आला: खालचे स्वर व्यवस्थित, वरच्या स्वरांना उतार, वयाच्या मानानें विशेष कांहीं नाहीं. तो कागद आम्हीं घडी करून ठेवून दिला.

आंतून मात्र आम्हांलाहि कांहींतरी खुपत होतें, कारण गाणें चालू असतां आमचें लक्ष गाण्याकडे न राहतां पेट्यांकडे जाई. एका रविवारीं पेट्यांत भरलेला कापूस कमी केला. पुढच्या रविवारीं पुन्हां भरला. भिंत व कोपरा खर्जाला उठाव देतात म्हणून पेट्या मागें सरकविल्या. कोठून हवा निसटत असेल या शंकेनें खालचा स्वर चालू ठेवून सांध्यांपाशीं उदबत्ती फिरविली. धूर सरळ वर गेला. अॅम्प्लिफायर मित्राचा आणून लावला. शेवटीं खोलीलाच दोष दिला. दोष देण्यासाठीं खोली फार सोयीची. ती उलट बोलत नाहीं.

महिन्याभरानें तो आलेख पुन्हां हातीं पडला, तेव्हां आम्ही चपापलों. उतारवयांत कान आधीं वरचे स्वर सोडतो, आणि मातोश्रींची तक्रार तर डग्ग्याची होती! ज्या स्वरांत त्यांचा कान धड होता, त्याच स्वरांविषयीं त्या बोलत होत्या.

मग विचार सरळ रस्त्याला लागला. जुनी ध्वनिमुद्रिका मोनो असते. दोन्ही पेट्यांना एकच आवाज मिळतो. दोन्ही पडदे एकाच वेळीं पुढें व एकाच वेळीं मागें गेले, म्हणजे गाणारी बाई दोहोंच्या मधोमध, जेथें कांहींच ठेवलेलें नाहीं तेथें, बसल्यासारखी वाटते. १९३१ च्या डिसेंबरांत अॅलन ब्लमलीननें इंग्लंडांत स्टिरिओच्या पेटंटासाठीं अर्ज केला, तो दोन कानांच्या ह्याच खुबीच्या जोरावर. पण एका पेटीच्या वायरी उलट जोडल्या कीं एक पडदा हवा ढकलतो त्याच क्षणीं दुसरा ती ओढतो. सेकंदाला शंभर कंपनांची लाट हवेंत जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. अशा दोन लांब लाटा समोर बसणाऱ्यापाशीं पोंचतां पोंचतां एकमेकींना गिळून टाकतात. वरचे स्वर उरतात. पण दोन कानांना त्यांची साक्ष जुळत नाहीं, आणि बाईला बसावयास जागा राहत नाहीं.

परीक्षा सोपी होती. दोन्ही पेट्या वीतभर अंतरावर तोंडासमोर तोंड करून ठेवल्या व तीच ध्वनिमुद्रिका लावली. आवाज कागदासारखा पातळ. अॅम्प्लिफायर बंद करून एका पेटीच्या वायरी मागच्या बाजूस उलटविल्या, पुन्हां लावलें, आणि डग्गा अंगावर आला. खात्रीसाठीं वायरी अॅम्प्लिफायरपासून सोडवून दीड व्होल्टचा सेल प्रत्येक वूफरला क्षणभर लावून पाहिला. (ट्वीटर नाजूक, त्याला हा प्रयोग करूं नये.) डावीकडचा पडदा बाहेर आला, उजवीकडचा आंत गेला. पेटी उघडली तों गुन्हेगार सांपडला: दुसऱ्या रात्रीं लाल वायर संपली होती, तेव्हां आम्हीं दोन्ही काळ्याच वायरी वापरल्या होत्या, आणि अंदाजानें जोडल्या होत्या.

त्या संध्याकाळीं मातोश्रींना हात धरून बाहेर आणलें. काय झालें होतें तें सांगितलें, आलेखाचेंहि सांगितलें. हिराबाई लावल्या. बराच वेळ त्या दोन पेट्यांमधल्या रिकाम्या भिंतीकडे पाहत होत्या. “आतां बसली,” एवढेंच म्हणाल्या.

एका खालच्या स्वरावर उजवीकडे अजून बारीक झणझण येत होती. आम्हीं लगेच पेचकस काढला आणि वूफरचे स्क्रू आवळूं लागलों.

“पेटी सोड,” मातोश्री खुर्चींतूनच म्हणाल्या. “फडताळाची कांच वाजते आहे.”

ह्या वेळीं आम्हीं वाद घातला नाहीं. एका जुन्या पोस्टकार्डाची घडी करून ती तावदानाच्या खांचेंत घट्ट बसविली, आणि येऊन त्यांच्याशेजारीं बसलों.