ठेवणीतलं पेट्रोल

लोणचं मुरलं की चांगलं, तांदूळ जुना झाला की चांगला, हे आपण बायका माहेराहूनच शिकून येतो. पेट्रोलही त्यातलंच असावं अशी माझी समजूत होती. तशी ती कोणी मुद्दाम करून दिली नव्हती; पण चांगलं दहा लिटर पेट्रोल कोणाला तरी देऊन टाक म्हटलं, तर कुठल्या बाईचा हात पुढे होईल? माझा झाला नाही. आणि त्यापायी सप्टेंबरमध्ये आमच्या घरात जे रामायण घडलं ते सांगायला बसले आहे.

आमचं घर देवबागला, मालवण तालुक्यात. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. घरातल्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. स्वयंपाक माझ्याकडे, आणि नदीच्या बाजूला माझा मुलगा जेट स्की चालवतो. पाण्यावरची स्कूटरच म्हणा ना! हँडल पुढे, सीटखाली इंजिन आणि मागून पाण्याचा झोत. आमची जुनी आहे, दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक. कर्ज काढून दुसऱ्याकडून घेतलेली. २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत पाण्यावरचे खेळ बंद असतात. बँकेचा हप्ता मात्र पावसाळा पाळत नाही.

मे अखेरीस मुलाने टाकी रिकामी केली आणि कॅन माझ्या हाती देऊन म्हणाला, "आये, ह्या कोणाच्या तरी स्कूटरीत घालून टाक." मी मान डोलावली आणि कॅन पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली ठेवला. (पेट्रोल असं घरात ठेवू नये, हे मला आता पक्कं कळलं आहे. तुम्ही तरी ठेवू नका.)

ऑगस्टमध्ये कौलं सारखी करताना मुलगा शिडीवरून पडला आणि त्याचा पाय प्लास्टरमध्ये गेला. हंगाम तोंडावर आलेला. जेट स्की चालवायला शेजारचा परवाना असलेला मुलगा तयार झाला, पण ती सुरू करून पाण्यात उतरवायची कोणी? सूनबाई म्हणाल्या, "आई, मी बघते. आधी नवीन पेट्रोल आणते." मी म्हटलं, "कशाला? मी घालते." आणि त्या बाजाराला गेल्यावर ठेवणीतला कॅन काढून टाकीत ओतला. साडीच्या घडीत जपलेली नोट ऐन वेळी कामाला यावी, तसा आनंद झाला मला!

गाडी सुरू होईना. बटण दाबलं की कुईं-कुईं करायची आणि गप्प. खोलीतून मुलगा ओरडायचा, "किती दाबतंस? बॅटरी मरतली!" तिसऱ्या दिवशी बाहेरून एक मिस्त्री आणला. त्याने चार वेळा बटण दाबलं, कान लावला आणि म्हणाला, "कॉम्प्रेशन गेलं. इंजिन उघडावं लागेल. साठ हजार धरून चला." त्याच संध्याकाळी एक गिऱ्हाईकही दारात हजर. सत्तर हजारांत आहे तशी उचलून नेतो म्हणाला. अडलेल्या घराचा वास लोकांना कसा लागतो कोण जाणे! मुलगा बिछान्यावर पडून पडून इतका कावला होता की म्हणाला, "देऊन टाकूया." विकूनही कर्ज उरणारच होतं.

सूनबाई म्हणाल्या, "मला दोन दिवस द्या." मी काय बोलले असेन? "इंजिन म्हणजे काय मिक्सर आहे? बायकांनी त्यात हात घालू नये." हे शब्द माझेच, लपवत नाही. त्यावर बिछान्यावरून आवाज आला, "आये, तिका बघू दे."

सूनबाई घाटावरच्या. कोल्हापूरकडे त्यांच्या वडिलांचं शेतीपंप दुरुस्तीचं दुकान आहे. लग्न होऊन सहा वर्षं झाली, पण त्यांना हे काम इतकं येतं हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी आधी सीट काढून बाजूला ठेवली आणि बराच वेळ तशीच उघडी ठेवली. पेट्रोलची वाफ जड असते, खाली इंजिनाच्या खणात साचून राहते आणि एका ठिणगीने भडकू शकते. घरात गॅसचा वास आला की आपण दिवा लावत नाही, त्यातलाच प्रकार. मग मनगटाला बांधायची दोरी पाहिली. चालवणारा पाण्यात पडला की या दोरीची क्लिप निघते आणि इंजिन बंद पडतं. ती क्लिप नीट बसली नसली तरीही गाडी सुरू होत नाही. आमची ठीक होती. बॅटरीच्या टोकांवर खाऱ्या हवेने पांढरा-हिरवा थर धरला होता. बॅटरी बाहेर काढून तो खाण्याचा सोडा आणि कोमट पाणी लावून जुन्या दातांच्या ब्रशने साफ केला. सोडा माझ्या डब्यातलाच. बॅटरी चार्जिंगला लावली.

मग दोन्ही स्पार्क प्लग काढून माझ्यासमोर धरले. "आई, हात लावून बघा. ओले आहेत की कोरडे?"

कोरडे ठणठणीत.

"इतका वेळ बटण दाबूनही कोरडे. म्हणजे पेट्रोल वरपर्यंत पोचतच नाही. भिजलेले असते तर ठिणगीवर संशय घेतला असता." एवढं बोलून त्यांनी तेल मिसळलेलं ताजं पेट्रोल एक-एक छोटा चमचा प्लगच्या भोकांतून आत सोडलं, सांडलेलं पुसलं, वाफ जाऊ दिली आणि प्लग लावून बटण दाबलं. गाडीने एकदम आरोळी ठोकली! तीन-चार सेकंद चालली आणि बंद. पण तेवढ्यात साठ हजारांचं भूत उतरलं होतं. कॉम्प्रेशन गेलेलं इंजिन चमचाभर पेट्रोलवर असं उठून बसत नाही. ठिणगी चांगली, इंजिन चांगलं, फक्त उपाशी.

"टाकीतलं पेट्रोल केव्हाचं आहे हो?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "आणलेलंच आहे की." नरो वा कुंजरो वा! आणलेलं होतंच, पण मे महिन्यात. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री मला झोप लागेना. एकीकडे सत्तर हजारांचं गिऱ्हाईक, दुसरीकडे मुलाचा पाय आणि मधे गोणपाटाखालचा तो कॅन. पहाटे चहा टाकताना मी त्यांना सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं, आता सहा वर्षांचं साठलेलं निघणार. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत, एक दिवस वाचला." एवढंच! त्यांनी टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं. वास पेट्रोलचा नव्हता, जुन्या वॉर्निशचा होता. बरणी तासभर ठेवली तर तळाशी वेगळा थर दिसायला लागला. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. आमच्या पावसाळ्यातली हवा तर काय, मीठसुद्धा बरणीत पाझरतं! पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं, आणि टाकीतली नळी नेमकी तळाचंच ओढते.

टाकी पुरती रिकामी केली. कार्बोरेटर उघडले तर आतल्या बारीक जाळीवर पिवळट चिकट साय. ती पाहून मला माझा संसाराच्या सुरुवातीचा पंपाचा स्टोव्ह आठवला. मी लगबगीने ट्रंकेतली स्टोव्हची पिन शोधून आणली. सूनबाईंनी माझा हात वरच्या वर धरला. "आई, यात पिन घालायची नाही. जेटचं भोक तसूभर जरी मोठं झालं तरी मोजमाप बिघडतं." मग फवाऱ्याने आणि हवेच्या दाबाने ते साफ केलं. ताजं पेट्रोल घातलं. गाडी सुरू झाली. मी देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. कुईं-कुईं. दहा-बारा वेळा दाबल्यावर एकदाची उठली. आणि एकदा उठल्यावर दिवसभर बोट लावताच सुरू. तिसऱ्या सकाळीही तसंच. गिऱ्हाईक पुन्हा चक्कर मारून गेलं. मी तर म्हटलं, माझंच पेट्रोल अजून बाधतंय.

सूनबाईंनी वडिलांना फोन लावला. पलीकडून दोनच प्रश्न आले. रात्रभर उभी राहिली की त्रास होतो ना? आणि बाहेर कुठे गळत नाही ना? मग म्हणाले, "पंप हवा घेतोय, दुसरं काही नाही."

ज्यांच्या परसात हातपंप आहे त्यांना हे लगेच कळेल. पंपाचा वायसर सुकला की पाणी खाली उतरतं आणि सकाळी वरून तांब्याभर पाणी ओतल्याशिवाय तो धरत नाही. इथेही टाकी खाली, कार्बोरेटर वर. नळीला कुठे सूक्ष्म चीर असली तर ओढताना पेट्रोलबरोबर हवा आत जाते आणि रात्री नळीतलं पेट्रोल मुकाट्याने टाकीत परत जातं. बाहेर थेंबही पडत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. शहाळ्याची नळी चिरलेली असली की आपण कितीही ओढलं तरी तोंडात हवाच येते, तसंच हे.

सूनबाईंनी मधे हातभर पारदर्शक नळी जोडली आणि बटण दाबलं. नळीतून बुडबुडे चालले होते, एकामागोमाग एक, मण्यांच्या माळेसारखे. मग टाकीपासून एकेक जोड तपासत गेल्या. पेट्रोलच्या कॉकजवळ नळीचं टोक कडक होऊन, क्लिपच्या खाली, केसाएवढं तडकलं होतं. पेट्रोलसाठीचीच नवी नळी, नव्या क्लिपा आणि कॉकमधली रबरी रिंग एवढं मालवणहून आणलं. खर्च हजाराच्या आतला. काढलेल्या नळीचं ते टोक मी मुलाच्या हातात नेऊन दिलं. त्याने ते वाकवून चीर पाहिली, पुन्हा वाकवली आणि बराच वेळ हातातच धरून बसला.

दुसऱ्या सकाळी आम्ही तिघं अंगणात. मुलगा कुबड्या घेऊन पायरीवर. सूनबाईंनी नळाचा पाइप जोडला, पण नळ सोडला नाही. आमच्या इंजिनाला क्रम असा की आधी इंजिन सुरू करायचं, मग लगेच नळ सोडायचा. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. उलट झालं तर पाणी थेट इंजिनात शिरतं, आणि पाण्याविना जमिनीवर फार वेळ चालवलं तर इंजिन तापतं. नळावर मला उभं केलं होतं. दुसऱ्या बोटाला गाडी सुरू झाली. आवाजाने मी इतकी दचकले की नळ सोडायचा विसरले. "आई, नळ!" असं दोघं एकदम ओरडले.

दिवाळीत खोल्या भरल्या, जेट स्की रोज पाण्यात होती. गिऱ्हाईक एकदा पुन्हा आलं. मी त्याला सोलकढी दिली आणि वाटेला लावलं. यंदा मे अखेरीला टाकी रिकामी झाली तेव्हा कॅन सूनबाईंच्या हातात होता. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी तो घेतला, शेजारच्यांच्या स्कूटरमध्ये मावलं तेवढं ओतलं, उरलेलं पलीकडच्या घरच्या गाडीत, आणि कॅन उन्हात पालथा घालून आले.