चित्र का अडखळले?

१४ एप्रिल २०२३. जळगाव जामोदची दुपार. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेले आमचे गाव एप्रिलमध्ये कसे तापते, हे बुलडाणा जिल्ह्यातील वाचकांना सांगायला नको. तशा उन्हात जयंतीची मिरवणूक निघाली. पुढे पंचशील ध्वज, मागे निळे झेंडे, मध्ये मुलींचे लेझीम पथक. वर्गणीतून घेतलेला नवा डिजिटल कॅमेरा आमच्या हाती होता. रात्री विहारात एका वयोवृद्ध आजींनी बाबासाहेबांवरच्या जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. तेही चित्रण आम्हीच केले.

दोन दिवसांनी सारे समाजबांधव चित्रण पाहायला जमले आणि आमची मान खाली गेली. लेझीम वर दिसे, मग एकदम खाली. मधला झोकच नाही. झेंडा फडकण्याऐवजी झटके खात होता. आजींचे तर त्याहून वाईट. आवाज पुढे आणि ओठ मागे! कोणी म्हणाले, कंपनीच खराब. कोणी म्हणाले, कॅमेरा विकून टाका. आम्ही सर्वांचे ऐकून घेतले. पण ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, कारण शोधा, ही तर तथागतांची शिकवण. विहारात बसून ती विसरायची कशी?

खामगावच्या एका जाणत्या छायाचित्रकाराकडे गेलो. त्यांनी एकच विचारले, "शटर किती ठेवलं होतं?" आम्ही म्हणालो, "ऑटो." ते हसले. त्यांनी जे समजावले ते असे.

चलचित्र म्हणजे स्थिर चित्रांची माळ. आपला कॅमेरा सेकंदाला २५ चित्रे घेत होता. प्रत्येक चित्रासाठी प्रकाश किती वेळ आत घ्यायचा, ते शटर ठरवते. हा वेळ सेकंदाचा पन्नासावा भाग असला, तर हलणारा हात किंचित पुसट उमटतो आणि त्या पुसटपणामुळेच डोळा एक चित्र दुसऱ्याला जोडतो. कडक उन्हात ऑटोवरचा कॅमेरा हा वेळ हजाराव्या, दोन हजाराव्या भागापर्यंत कमी करतो. मग प्रत्येक चित्र कोरल्यासारखे स्पष्ट, पण दोन चित्रांमध्ये उडी. लेझीम तुटली ती इथे. दोष कंपनीचा नव्हता, आमचा होता.

उपाय सोपा आहे. सेकंदाला जितकी चित्रे, त्याच्या दुप्पट शटरचा आकडा. २५ ला ५०. मग उन्हात चित्र पांढरे पडते. त्यासाठी आयएसओ सर्वांत कमी ठेवावा आणि भिंगापुढे एनडी नावाची काळसर काच लावावी. उन्हात आपण काळा चष्मा लावतो, तसेच. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने हेच ५० शटर रात्री ट्यूबलाइटखालीही चालते, पडद्यावर पट्टे येत नाहीत. मिरवणुकीवरून कॅमेरा फिरवायचा तर सावकाश फिरवावा. मोबाईलवर चित्रण करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की, अंधारात पुष्कळ मोबाईल आपणहून चित्रांची संख्या कमी करतात. ती सोय बंद करता येत असेल तर करावी. कॅमेऱ्याची २५ आणि मोबाईलची ३० अशी जोडणी केली तरी मध्येमध्ये हिसका बसतो. कार्ड स्वस्तातले, मंद असले तर चित्रणच गळते किंवा बंद पडते. चांगल्या चित्रणाला व्ही-३० लिहिलेले कार्ड घ्यावे.

आता आजींचे. त्याच पावसाळ्यात त्यांचे निधन झाले. त्यांची नात आमच्याकडे आली. जुन्या संगणकावर तेच चित्रण पाहून म्हणाली, "काका, माही आजी अशी अडकत अडकत नव्हती गात जी." आम्हाला उत्तर सुचेना. खराब म्हणून ते चित्रण पुसून टाका, असा सल्ला तोवर दोघांनी दिला होता. शेवटी कार्ड घेऊन पुन्हा खामगाव गाठले. तिथल्या नव्या संगणकावर लावले आणि आजी न अडखळता गाऊ लागल्या! चित्रण शाबूत होते. फोर-के चित्रणाचा भार आमच्या जुन्या संगणकाला पेलत नव्हता, एवढेच. त्याची हलकी प्रत करून घेतली, ती आता त्या नातीच्या मोबाईलमध्येही चालते. म्हणून दोष घेण्यात आहे की दाखवण्यात, हे आधी पाहावे. आणि मूळ चित्रण कधीही पुसू नये.

हे एवढे सांगायचे कारण आहे. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा नामदेवराव व्हटकरांनी तिचे चित्रण केले म्हणून तो जनसागर आपल्या पिढीला पाहता आला. त्या काळी फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे मावत, सेकंदाला २४ चित्रे लागत. म्हणजे हजार फुटांची फिल्म जेमतेम अकरा मिनिटांत संपे. चूक झाली तर दुसरी संधी नाही. आज घराघरात कॅमेरा आहे, तासन्‌तास चित्रण होते; पण यंत्र समजून घेण्याचा आळस मात्र आपण करतो. आपला इतिहास दुसरा कोणी लिहील याची वाट आपण पाहिली नाही, मग तो टिपण्यात निष्काळजीपणा का?

२०२४ च्या जयंतीला आम्ही काळी काच लावून, शटर पन्नासवर ठेवून चित्रण केले. लेझीम अगदी डोळ्यांनी पाहिल्यासारखी आली. पण आदल्या वर्षी पथकाच्या पुढे असलेल्या दोन मुली तोवर शिक्षणासाठी अकोल्याला गेल्या होत्या. त्या शिकताहेत याचा आनंदच आहे. त्यांची लेझीम मात्र आमच्याकडे तुटकच राहिली. संगणकावर ती थोडीफार सुधारता येते म्हणतात. पण कॅमेऱ्याने जे टिपलेच नाही, ते परत कुठून आणणार?

तेव्हा पुढच्या मिरवणुकीआधी एक दिवस तरी कॅमेरा हाती घ्या. अंगणात खेळणाऱ्या पोरांचे दोन मिनिटे चित्रण करा, मोठ्या पडद्यावर पाहा, आकडे वहीत लिहून ठेवा. आम्ही हे एक वर्ष उशिरा केले.

जयभीम.