तापीच्या पुलावर

सावद्याहून भुसावळ काही लांब नाही. मध्ये तापी आडवी, तिच्यावर रेल्वेचा पूल. माझी आजी हा पूल ओलांडून आली आणि मरेपर्यंत तिचा जीव त्या पुलावरच अडकून राहिला.

आजोबांच्या घराकडे महारकी होती. वेस राखायची, टपाल पुढच्या गावाला पोचवायचं, मेलेलं ढोर ओढायचं, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचं. बदल्यात वतनाचा तुकडा आणि सुगीत खळ्यावर पदर पसरून मिळालेलं बलुतं. एका पहाटे आजोबा कुणाला न सांगता सावदा स्टेशनात आले आणि जी.आय.पी. रेल्वेच्या रूळदुरुस्तीच्या गँगमध्ये लागले. मागून आजी आली. कडेवर माझा बाप, डोक्यावर गाठोडं.

भुसावळच्या चाळीत नळ होता. गावात विहिरीपासून लांब घागर ठेवून बसायचं, कुणाला दया येऊन वरून पाणी ओतेल तेव्हा उठायचं. इथं तोटी फिरवली की पाणी. तरी तोटीला हात लावण्याआधी आजी एकदा मागं वळून बघायची. मग दोन्ही पंजे धारेखाली धरायची, बोटं हळूहळू फाकवायची. घागर भरून वाहू लागली तरी हात तिथंच. म्हातारपणीही तिला मी असंच पाहिलंय. ते मागं वळून बघणं मला अजून सोसत नाही.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी.तल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. आजोबा गेले होते. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथं त्यांचंच रोजचं जिणं मांडलं: आपला माणूस जन्मभर गँगमन. त्याला साधी पोर्टरचीही जागा मिळत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरातलं कामही करावं लागतं, आणि तिथं विटाळ आडवा येतो. आजोबांनी गाव सोडलं होतं, पण गाव त्यांच्याआधी स्टेशनात येऊन बसलं होतं.

अमेरिकेतही माणसं अशीच रेल्वेनं गाव सोडून निघाली. साधारण १९१० ते १९७० या काळात साठेक लाख काळी माणसं दक्षिणेतून निघून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेली. मिसिसिपीच्या कापसाच्या रानातली कितीतरी इलिनॉय सेंट्रलच्या गाडीनं शिकागोला. त्यांच्याविषयी वाचताना मला आपलेच रूळ दिसतात. १८६१ मध्ये तिथं यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांना खानदेशची काळी माती आठवली. त्याच दशकात भुसावळला रेल्वे आली. त्या युद्धानं तिथल्या काळ्या माणसांचे पूर्वज गुलामीतून सुटले. ज्या रुळांवरून इथला कापूस मुंबईला गेला, त्यांच्यावरच हातोडा मारत माझे आजोबा सुटले. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे अमेरिकी विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिलं, त्यांचं उत्तरही आलं. आजीला हे सांगायला हवं होतं. राहून गेलं.

१९५६ च्या धर्मांतरानंतर घरातले देव गेले, भिंतीवर बुद्ध आला. कायद्यानं वतनंही गेली. बाप विचारायचा, ‘माय, एकदा गाव पाहून येऊ?’ ती म्हणायची, ‘गावाले कशाले?’ पण घरात केळी आली की आधी नाकाशी धरायची. सावद्याच्या बागांत तिनं परक्यांची केळी निंदली होती. वास मात्र तिचा होता.

लग्नकार्याला रावेरकडे जावंच लागायचं. गाडी पुलावर चढून खालून धडधड सुरू झाली की ती माझं मनगट घट्ट धरायची. सावदा मागं पडेपर्यंत सोडायची नाही. फलाटाकडे एकदाही बघायची नाही.

ती गेल्यानंतर मी एकटा सावद्याला निघालो. खिडकीतून सातपुडा निळा दिसत होता. गाडी पुलावर चढली. खाली तापी संथ, वाळूत चार-दोन धारा. पलीकडचा काठ आला तेव्हा पाहिलं, माझ्याच उजव्या हातानं माझं डावं मनगट धरलं होतं.