थोरल्याची जागा

नाताळ होऊन गेला होता. आमच्या धर्मग्रामातील एका घरी बाळ जन्मल्याचे कळले, तेव्हा बाळबाळंतिणीसाठी प्रार्थना करावी आणि बाप्तिस्म्याचा दिवसही ठरवावा, म्हणून आम्ही गेलो. बाळ वीस दिवसांचे. वडील सकाळच्या लोकलने मुंबईला कामावर गेलेले, आजी गुडघ्यांनी जायबंदी. घरात धावते पाय एकट्या थोरल्याचे. वय वर्षे सव्वादोन.

बाळासाठी आम्ही झबले नेले होते. थोरल्यासाठी काहीच नेले नव्हते आणि हे आमच्या आधी त्याच्या ध्यानात आले. बाळाच्या कपाळावर आम्ही क्रुसाची खूण करीत होतो, तोच त्याने बाळाच्या पायाला कडकडून चिमटा काढला. बाळ किंचाळले. आईने थोरल्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग तीच रडू लागली.

“फादर, दिवसभर हेच. बाळाला पाजायला घेतलं की याला नेमकं काहीतरी हवं असतं. टीव्ही लावला की गप्प बसतो. बंद केला की दुप्पट आकांत.”

“थोरल्याने शहाण्यासारखे वागायचे असते,” आम्ही म्हणालो. सव्वादोन वर्षांच्या मुलाला! ज्यांना मुले वाढवायची नसतात, त्यांना असले उपदेश चटकन सुचतात.

सेमिनरीत संत ऑगस्टीनचे ‘कन्फेशन्स’ वाचले होते, ते त्या क्षणी आठवले. एक तान्हे मूल आपल्या दूधभावाला अंगावर पिताना पाहून मत्सराने कसे पांढरे पडले, हे त्यांनी त्यात नोंदवले आहे. दूध दोघांना पुरून उरेल एवढे होते, तरीही. तरुणपणी आम्ही त्यात फक्त मूळपापाचा दाखला पाहिला होता. मुलाच्या चेहऱ्याकडे आमचे लक्षच गेले नव्हते.

वास्तविक जायला हवे होते. आमचा धाकटा भाऊ जन्मला तेव्हा आम्ही तीन वर्षांचे होतो. आईला त्रास नको म्हणून आम्हांला आजोळी धाडण्यात आले. लाड पुष्कळ झाले. दीड महिन्याने परत आणले, तेव्हा आम्ही ओट्यावरच बसून राहिलो. आईने हाका मारूनही आत गेलो नाही. हे आई पुढे अनेकदा सांगत असे आणि दर वेळी तिचा आवाज जड होत असे.

“मुली, तू बाळाला निवांत पाज. आम्ही याच्याजवळ बसतो,” आम्ही म्हणालो आणि स्वयंपाकघरात फरशीवर बैठक मारली. मेथीची जुडी होती. ती निवडायला घेतली. पाने टोपलीत पडली, काही त्याच्या तोंडात गेली. मग पातेली काढून कोणते झाकण कोणाचे, हे शोधणे झाले. पुढे परातीत थोडे पाणी घेऊन या पेल्यातून त्या पेल्यात. (एवढ्याशा पाण्यापाशीही इतक्या लहान मुलाला क्षणभर एकटे सोडू नये, बादली तर दूरच ठेवावी.) कोणताही खेळ पाच-सात मिनिटांवर टिकला नाही. अर्ध्या तासात आम्ही जेवढे दमलो, तेवढे रविवारच्या तीन मिस्सांनी दमत नाही.

तेवढ्यात आतून आईची हाक आली, “बाळाचं दुपटं आण रे!” हातातला पेला टाकून तो धावला. एक नेले, मग दुसरे, मग दोरीवरची सगळी ओढून नेली. आमच्या एकाही खेळाला ते तेज त्याच्या चेहऱ्यावर आले नव्हते. त्याला रमवण्यासाठी आम्ही त्याला बाळापासून दूर नेत होतो, आणि त्याला तर तिथेच, आईच्या गुडघ्याला टेकून काहीतरी काम हवे होते.

बाळंतिणीला मदत म्हणून आपण सगळे बाळ पाहायला जातो, नाहीतर थोरल्याला उचलून बाहेर नेतो. एखाद्या शेजारणीने घटकाभर बाळालाच मांडीवर घेतले आणि आईला थोरल्याजवळ बसू दिले, तर? त्या घरी पुढे तसे होऊ लागले. चिमटे थांबले नाहीत, कमी झाले. आम्हीही आता कोठे बाळ पाहायला गेलो, तर आधी थोरल्याची चौकशी करतो.

बाप्तिस्म्याच्या दिवशी शुभ्र वस्त्र वेदीपर्यंत आणण्याचे काम आम्ही त्यालाच सांगितले. दोन्ही हातांत धरून त्याने ते आणले. आम्ही घ्यायला हात पुढे केला, पण तो सोडेना. बाळाला ते त्यानेच पांघरले, तोंडावरूनसुद्धा. आईने हसत हसत कडा बाजूला सारली.