लोखंडी पेट्यांचें गांव

घर म्हटलें कीं आमच्या डोळ्यांपुढें ओटी, माजघर, परसूं आणि अंगणांतील तुळशीवृंदावन उभें राहतें. गतवर्षीं अतिवृष्टीनें आमच्या रत्नागिरीकडील वडिलार्जित घराची मागील भिंत खचली. लंडन येथें नोकरीस असलेले आमचे चिरंजीव म्हणाले, "अण्णा, दुरुस्ती कशाला? त्या जागीं कंटेनरचें घर ठेवूं. तुमच्यामागें दर वर्षीं कौलें शाकारणार कोण?" हा प्रश्न आमच्या जिव्हारीं लागला. मालाच्या पेटींत मनुष्यानें राहावें ही कल्पना आम्हांस रुचेना. परंतु न पाहतां दोष देणें हें शिक्षकास शोभत नाहीं. म्हणून यंदाच्या उन्हाळ्यांत लंडनास गेलों असतां चिरंजीवांनीं आम्हां उभयतांस 'ट्रिनिटी बॉय वॉर्फ' नांवाच्या धक्क्यावर नेलें.

ली नदीची खाडी जेथें थेम्सला मिळते, त्या संगमावर हा धक्का आहे. जहाजांस वाट दाखविणाऱ्या बोयांचा कारखाना येथें होता; तो १९८८ सालीं बंद पडला. लंडनमधील एकुलतें एक दीपगृहही येथेंच आहे. सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यानें दीपगृहांच्या दिव्यांसंबंधीं प्रयोग याच धक्क्यावर केले, हें कळल्यावर त्या भूमीविषयीं आमच्या मनांत आदर उत्पन्न झाला.

त्याच धक्क्यावर लाल, पिवळ्या, निळ्या पेट्यांची ती वसाहत आहे. निकोलस लेसी या स्थपतीच्या योजनेप्रमाणें २००१ सालीं तिचा पहिला भाग उभा राहिला. पेट्या रचण्यास अवघे चार दिवस लागले. मागाहून तीवर आणखी एक मजला चढविण्यांत आला. जहाजाच्या खिडक्यांसारखीं वाटोळीं गवाक्षें आणि चिंचोळे सज्जे पाहून मौज वाटली. बहुतेक खोल्यांत चित्रकार व कारागीर काम करतात.

या पेटीचा इतिहासही मनोरंजक आहे. माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदारानें २६ एप्रिल १९५६ रोजीं अशा ५८ पेट्या एका जहाजावर लादून न्यूअर्कहून ह्यूस्टनला धाडल्या, आणि तेथून जगाच्या व्यापाराची रीत पालटली. आपल्या न्हावा-शेवा बंदराच्या वाटेवर त्यांच्या उतरंडी कोणीं पाहिल्या नाहींत? चाळीस फूट लांब, आठ फूट रुंद व साडेआठ फूट उंच अशी ही पेटी. तिचा भार चार कोपऱ्यांतील खांब पेलतात, म्हणून एकीवर एक अशा अनेक पेट्या राहूं शकतात. तयार सांगाडा मिळतो, काम लवकर होतें, आणि प्रसंगीं घर उचलून दुसरीकडे नेतां येतें. हे गुण खरोखरच मोठे आहेत.

परंतु दोषही थोडे नाहींत. दारेंखिडक्यांसाठीं बाजूचा पत्रा कापला कीं बळ कमी होतें आणि नवे लोखंडी टेकू द्यावे लागतात. लोखंड उन्हांत तापतें, थंडींत गार पडून आंतून घाम धरतें. त्यास आवर घालण्यासाठीं आंतून थर द्यावा, तर मुळांतच पावणेआठ फुटांची आंतील रुंदी आणखी घटते. तळाच्या लाकडास कीड लागूं नये म्हणून पुष्कळदां विषारी औषध दिलेलें असतें. तें काढून टाकावें किंवा झांकून घ्यावें लागतें. इंग्लंडच्या बालहक्क आयुक्तांनीं २०१९ च्या आपल्या अहवालांत अशा पेट्यांत ठेवलेल्या बेघर कुटुंबांच्या मुलांचे उन्हाळ्यांतील हाल सांगितले आहेत. इंग्लंडांत ही स्थिति, तर कोंकणच्या वैशाखांत काय होईल!

एका चित्रकर्त्या बाईंनीं आम्हांस आपली खोली दाखविली व चहा दिला. "काम करावयास ही जागा फार चांगली," त्या म्हणाल्या. आम्हीं विचारलें, "आणि राहावयास?" त्या हंसून उत्तरल्या, "संध्याकाळीं मी घरीं जातें."

आमच्या सौभाग्यवती इतका वेळ गप्प होत्या. त्यांनीं खोलीची रुंदी पावलांनीं मोजली आणि चिरंजीवांस म्हणाल्या, "समोरासमोर दोन पंगती मांडल्या, तर वाढणारीनें चालावें कोठून रे?" चिरंजीव निरुत्तर झाले.

परततांना आम्ही त्यांस म्हणालों, "बाळ, खाऱ्या वाऱ्यांत लोखंडासही गंज चढतो, तें खरवडून वरचेवर रंग द्यावा लागतो. कौलें शाकारण्याचें चुकलें, तरी घराची काळजी चुकत नाहीं. तुझा प्रश्न पेटीनें सुटणार नाहीं." ते बराच वेळ नदीकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "यंदा वैशाखांत मीच येतों, अण्णा. शाकारणी कशी करतात, तें एकदां पाहून ठेवतों."

भिंत जांभ्या दगडाची बांधावयाची असें ठरलें आहे. परसांतील आंब्याच्या सावलींत, वर गवताचें छप्पर घालून, पुस्तकांसाठीं एखादी पेटी ठेवण्यास आमची आतां हरकत नाहीं. पेटी सामानास उत्तम. माणसांस मात्र घर हवें.